म्हातारा ट्रक आणि सव्वाशे ग्रॅम पाव

मुलांनो,

आज आधी माझीच एक चूक सांगते आणि मग गोष्ट. चूक माझी आहे, तेव्हा हसायचं असेल तर मला हसा.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मागच्या महिन्यात आमच्या वर्गात 'माझे बाबा' या विषयावर बोलायचं होतं. एकेक जण पुढे येऊन बोलत होता. कोणाचे बाबा पोस्टात, कोणाचे शेतकरी, कोणाचे दुकानदार. एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "माझे बाबा ट्रक चालवतात. विटा आणि वाळू वाहतात." एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तो ट्रक नाही, खटारा आहे! परवा शाळेसमोरच बंद पडला होता. आम्ही सगळ्यांनी धक्का मारला!"

सगळा वर्ग खो खो हसला. आणि खरं सांगू? मीसुद्धा हसले. हसू आवरून त्या मुलाकडे पाहिलं, तर तो खाली मान घालून शर्टाच्या शेवटच्या बटणाशी चाळा करत होता. पुढे एक शब्दही न बोलता तो जागेवर जाऊन बसला.

त्या रात्री मला काही चैन पडेना. 'वर्गात कोणाला हसू नये' असं रोज सांगणारी मी, आणि मीच हसले! दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला गणिताचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि मुलांना एका म्हाताऱ्या ट्रकची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. गोष्ट खरी आहे बरं का! आणि तिच्यात गणितही आहे, त्यामुळे तास काही वाया गेला नाही.

दीडटन्या

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघावर हल्ला केला. सोव्हिएत संघ म्हणजे आजचा रशिया, युक्रेन आणि आणखी तेरा देश मिळून झालेलं तेव्हाचं एक भलंमोठं राष्ट्र. एवढ्या मोठ्या देशाचं सैन्य चालायचं, म्हणजे ट्रक हवेतच. सैनिकाला बंदूक लागते, तशी भाकरी लागते, बूट लागतात, औषधं लागतात, आणि घरून आलेलं पत्रही लागतं. हे सगळं वाहून कोण नेणार?

तिथल्या सैन्यात तेव्हा सगळ्यांत जास्त दिसायचा तो 'गाझ-एए' नावाचा छोटा ट्रक. लोक त्याला लाडाने 'पोलुतोर्का' म्हणत. रशियन भाषेत 'पोलुतोरा' म्हणजे दीड. ट्रक दीड टन माल वाहायचा, म्हणून हे नाव. आपण त्याला 'दीडटन्या' म्हणू या का?

हा दीडटन्या मूळचा अमेरिकेचा. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीशी करार केला, व्होल्गा नदीच्या काठी निझ्नी नोव्हगोरोद शहरात मोठा कारखाना बांधला आणि जानेवारी १९३२ मध्ये पहिला ट्रक बाहेर काढला. त्याच वर्षी त्या शहराचं नाव बदलून गॉर्की झालं. गंमत पाहा, फोर्डने हे जुनं मॉडेल मागे टाकून नवं आणलं, तेही १९३२ मध्येच! म्हणजे अमेरिकेत ज्याची म्हातारपणाची काठी आली, त्याचं इकडे बारसं झालं.

इंजिन चार सिलिंडरचं. आधी ४० अश्वशक्तीचं, पुढे १९३८ पासून ५० अश्वशक्तीचं. रस्ता चांगला असला तर तासाला ७० किलोमीटर धावणार. पेट्रोलची टाकी कुठे होती ओळखा! ड्रायव्हरच्या समोर, काचेच्या खालच्या अंगाला. टाकी उंचावर, म्हणून पेट्रोल आपोआप खाली उतरायचं. आपल्या गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येतं ना, अगदी तसं. पंपच नाही, तर पंप बिघडणार कुठून?

युद्ध सुरू झालं तेव्हा हा ट्रक काही नवा राहिला नव्हता. सैन्याचे ट्रक पुरेनात, म्हणून शेतांवरचे आणि कारखान्यांतले वापरलेले ट्रकही भरती झाले. कालपर्यंत बटाटे वाहणारा ट्रक आज तोफगोळे वाहू लागला. आणि त्यांतल्या काही ट्रकांच्या वाट्याला एक असं काम आलं, की त्यामुळे रशियात आजही त्यांचं नाव आदराने घेतात.

बर्फावरचा रस्ता

नकाशात रशियाच्या वायव्येला सेंट पीटर्सबर्ग शहर शोधा. तेव्हा त्याचं नाव होतं लेनिनग्राड. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडचे जमिनीवरचे सगळे रस्ते तोडले. आत अडकली सुमारे २५ लाख माणसं, आणि त्यांत तुमच्याएवढी आणि तुमच्याहून लहान अशी चार लाखांच्या आसपास मुलं. रेल्वे नाही, रस्ता नाही. गोदामातलं धान्य संपत चाललं.

माणशी मिळणारा पाव कमी कमी होत गेला. २० नोव्हेंबर १९४१ पासून कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम आणि मुलांना, घरच्या माणसांना आणि कचेरीत काम करणाऱ्यांना १२५ ग्रॅम. सव्वाशे ग्रॅम! तोही निव्वळ पिठाचा नाही, त्यात कोंडा आणि काय काय मिसळलेलं. आमच्या वर्गात आम्ही शाळेचा तराजू काढला. १००, २० आणि ५ ग्रॅमची वजनं एका पारड्यात ठेवली आणि दुसऱ्या पारड्यात पावाचे तुकडे. काटा मध्ये आला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हे दिवसभराचं? दुपारचंच नाही?"

हो, दिवसभराचं. आणि बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

लेनिनग्राडच्या पूर्वेला लाडोगा नावाचं प्रचंड सरोवर आहे. त्याच्या पलीकडच्या काठावर अन्न होतं. मध्ये साधारण ३० किलोमीटर पाणी. हिवाळ्यात ते पाणी गोठतं. मग ठरलं, बर्फावरूनच रस्ता करायचा! आधी माणसं पायी गेली, बर्फाची जाडी मोजत. मग घोड्यांच्या घसरगाड्या गेल्या. आणि २२ नोव्हेंबरला निघाले ६० ट्रक. कुठले? आपले दीडटन्येच!

दुसऱ्या दिवशी सुमारे ३३ टन पीठ या काठाला पोचलं. आता पाट्या काढा. ६० ट्रक आणि ३३ टन, तर एका ट्रकवर किती? वर्गात सगळ्यांत आधी हात कोणी वर केला असेल? त्या ट्रकवाल्या बाबांच्या मुलाने! "साडेपाचशे किलो, बाई." बरोबर! पण ट्रक तर दीड टनाचा, म्हणजे दीड हजार किलोचा. मग साडेपाचशेच का?

कारण बर्फ अजून कोवळा होता. भरलेल्या ट्रकला साधारण २० सेंटिमीटर जाड बर्फ लागतो, आणि तो सगळीकडे तेवढा नव्हता. म्हणून मोजकी पोती भरायची, काही वेळा थोडा माल मागे घसरगाडी बांधून तिच्यावर ठेवायचा, म्हणजे सगळं ओझं एका जागी पडत नाही. चिखलातून जाताना आपण फळी टाकून चालतो ना, तसंच हे. इथे मोठ्या ट्रकपेक्षा हलका, छोटा ट्रकच कामाचा. दीडटन्याचं लहानपण असं कामी आलं.

ड्रायव्हर ट्रकचं दार उघडं ठेवून चालवत. एवढ्या थंडीत? हो. बर्फ फुटला, तर उडी मारायला क्षणाचाच वेळ. दार लावलेलं असलं तर संपलंच. रात्रंदिवस फेऱ्या करून डोळे मिटू लागत. सांगतात, की काही ड्रायव्हर डोक्यामागे एखादं रिकामं भांडं टांगून ठेवायचे. ट्रक हलला की भांडं ठण् ठण् वाजणार, मग झोप कसली लागते! वाटेत ठिकठिकाणी हातात कंदील घेऊन रस्ता दाखवणारी माणसं उघड्या बर्फावर उभी असत. त्यांत तरुण मुलीही होत्या. वरून जर्मन विमानं बॉम्ब टाकत. बॉम्बने पडलेलं भोक रात्री वरच्या वर गोठायचं आणि दिसायचंच नाही.

झोपाळ्याचं कोडं

सुरुवातीला एक कोडं कोणालाच सुटेना. बर्फ पुरेसा जाड आहे, बॉम्ब पडलेला नाही, तरी ट्रक बुडायचा. कधी तर जड ट्रक सुखरूप जायचा आणि हलका ट्रक बुडायचा! असं का?

शास्त्रज्ञ कामाला लागले. नाउम रेनॉव्ह नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने बर्फ किती वाकतो, हे मोजणारं यंत्र बनवलं. उत्तर सापडलं ते असं. ट्रक चालला की त्याच्या वजनाने बर्फ किंचित खाली वाकतो आणि बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते. ही लाट स्वतःच्या वेगाने पळते. ट्रकचा वेग आणि लाटेचा वेग सारखा झाला, की बर्फ जास्त जास्त वाकत जातो आणि शेवटी फुटतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर हलका धक्का देत राहिलं, की तो किती उंच जातो! जोर आपला थोडाच असतो, पण वेळ अचूक साधलेली असते. बर्फाचंही तसंच. तिथे हा घातक वेग होता तासाला सुमारे ३५ किलोमीटर. मग ड्रायव्हरांना नियम घालून दिले: या वेगाने चालवू नका, एकमेकांच्या फार जवळून जाऊ नका.

तरीही त्या पहिल्या हिवाळ्यात सुमारे एक हजार ट्रक गेले, आणि कितीतरी ट्रकांबरोबर त्यांचे ड्रायव्हरही. पण एप्रिल १९४२ मध्ये बर्फ वितळेपर्यंत या रस्त्याने साडेतीन लाख टनांहून जास्त माल शहराच्या बाजूला आला, आणि परतीच्या फेऱ्यांत पाच लाखांहून जास्त माणसं बाहेर सुखरूप जागी गेली. लोकांनी या रस्त्याला नाव दिलं 'जीवनाचा रस्ता'. २५ डिसेंबर १९४१ रोजी मुलांचा पाव १२५ चा २०० ग्रॅम झाला, तेव्हा रस्त्यात लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

तरी मी तुमच्यापासून लपवणार नाही. सगळे वाचले नाहीत. वेढा जानेवारी १९४४ मध्ये उठला, पण तोवर लेनिनग्राडमध्ये सहा लाखांहून अधिक माणसं भुकेने आणि थंडीने गेली होती. युद्धाच्या गोष्टी ऐकताना आपल्याला तोफा आणि विमानं आवडतात. पण युद्ध म्हणजे मुख्यतः हे असतं, हे विसरू नका.

आता दुसरं गणित. एका ट्रकमध्ये पूर्ण दीड टन पीठ असेल, तर १२५ ग्रॅमचे वाटे किती? दीड टन म्हणजे १५,००,००० ग्रॅम. भागिले १२५. उत्तर १२,०००! एक म्हातारा ट्रक पलीकडे पोचला, की बारा हजार मुलांचा एक दिवस. आता सांगा, त्याला खटारा म्हणायची हिंमत आहे कोणाची?

रशियात एक गोष्ट सांगतात. १९४१ सालच्या शेवटच्या दिवशी माक्सिम त्वेर्दोखलेब नावाचा ड्रायव्हर लेनिनग्राडच्या मुलांसाठी नव्या वर्षाची भेट म्हणून संत्री घेऊन निघाला. दोन जर्मन विमानांनी त्याला गाठलं. समोरची काच फुटली, रेडिएटरमधून वाफ येऊ लागली, हाताला जखम झाली. तरी त्याने ट्रक थांबवला नाही. पोचल्यावर मोजली, तर ट्रकला ४९ भोकं! काही संत्र्यांनाही गोळ्या लागल्या होत्या. पण संत्री पोचली.

शेवटपर्यंत

तुम्हाला वाटेल, पुढे नवे ट्रक आले असतील आणि दीडटन्या घरी बसला असेल. नवे आले खरे. अमेरिकेहून अडीच टनी, सगळी चाकं इंजिनाच्या जोराने फिरणारे दणकट स्टुडबेकर ट्रक हजारोंनी आले. चिखलातून तोफा ओढायचं जड काम त्यांनी उचललं.

हे ट्रक आणि माल यायचा एक रस्ता इराणमधून होता. त्या रस्त्यावर आपले भारतीय सैनिकही ट्रक चालवत होते, बरं का! रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर हे त्यांच्या दलाचं नाव. त्यातल्या सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंह चंद या दोघांना सोव्हिएत संघाने १९४४ मध्ये 'रेड स्टार' हा सन्मान दिला. निक्कम हे नाव ऐकून मराठी वाटतं ना? पण ते होते आजच्या तामिळनाडूतल्या सेलमकडचे, आणि गजेंद्रसिंह आजच्या उत्तराखंडातले.

आणि दीडटन्या? तो कामावरच होता. युद्धात पत्रा कमी पडला, तेव्हा १९४२ पासून कारखान्याने त्याच्या अंगावरचे दागिनेच उतरवले. दारांऐवजी कॅनव्हासचे पडदे, दोनऐवजी एकच दिवा, पुढचे ब्रेक गायब, बंपर गायब. जून १९४३ मध्ये जर्मन विमानांनी कारखान्यावरच बॉम्ब टाकले. काही महिन्यांत तो पुन्हा उभा राहिला. ट्रक बनतच राहिले.

थंडीत रात्री रेडिएटरमधलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर गोठून इंजिन फुटणार. सकाळी गरम पाणी भरायचं, इंजिनाखाली शेकोटी करायची आणि पुढून लोखंडी हँडल फिरवून ट्रक जागा करायचा. बिघडला तर? हातोडा, पाना, तार घेऊन ड्रायव्हर स्वतःच दुरुस्त करणार. शिवाय एक मेला, तर त्याचे भाग दुसऱ्याला बसत, कारण सगळे एकाच साच्याचे. जर्मन सैन्याकडे १९४१ मध्ये दोन हजारांच्या आसपास वेगवेगळ्या प्रकारची वाहनं होती. एकाचा भाग दुसऱ्याला बसेना. गाड्या उत्तम, पण एका बोल्टवाचून उभ्या!

१ मे १९४५ रोजी, म्हणजे युद्ध संपायला आठवडा उरला असताना, सोव्हिएत सैन्यातल्या दर १०० मोटारगाड्यांमागे ५८ देशी, ३३ मित्रदेशांनी दिलेल्या आणि ९ जर्मनांकडून जिंकलेल्या होत्या. त्या ५८ मध्ये आपला म्हातारा होता. पाव, टपाल, पेट्रोल घेऊन पुढे जायचा, आणि परतताना जखमींना घेऊन यायचा. आज जीवनाच्या रस्त्यावर त्याचं खऱ्या आकाराचं कांस्याचं स्मारक आहे. सेनापतींचे पुतळे तुम्ही पाहिले असतील. ट्रकचा पाहिलाय कधी?

वर्गात पुढे काय झालं

गोष्ट संपली तेव्हा घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी त्या मुलाला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "काल मी हसले, ते चुकलं माझं." तो इतका गोंधळला, की मलाच काय करावं कळेना. मग मी विचारलं, "तुझे बाबा थंडीत ट्रक कसा सुरू करतात रे?"

आधी बोलेना. मग म्हणाला, "बाई, बॅटरी जुनी आहे. म्हणून बाबा रात्री ट्रक उतारावरच लावतात. चाकांना दगड लावतात. सकाळी दगड काढला, की ट्रक आपोआप खाली येतो. मग गिअर टाकून क्लच सोडला, की इंजिन सुरू!"

"पण परवा बंद पडला ना?" मागचा बाक पुन्हा बोलला.

"शाळेसमोर उतार नाही," तो म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला धक्का मारायला सांगितला!"

वर्ग पुन्हा हसला. पण या वेळी तोही हसत होता. मधल्या सुट्टीत चार-पाच जण त्याच्याभोवती जमून 'क्लच म्हणजे काय' हे विचारत होते. मला स्वतःलाही ते नीट माहीत नव्हतं, म्हणून मीही कान देऊन ऐकलं.

तुमच्यासाठी

घरच्या तराजूवर १२५ ग्रॅम पाव किंवा भाकरी तोलून पाहा. आपण एका दिवसात तसे किती वाटे खातो, ते मोजा. आणि तुमच्या घरी किंवा शेजारी जुनं झालेलं, पण अजून रोज काम करणारं यंत्र कोणतं आहे? शिवणयंत्र, सायकल, पिठाची गिरणी, काहीही चालेल. ते चालवणाऱ्या माणसाकडे जा आणि विचारा, "हे बिघडलं तर तुम्ही काय करता?" जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा.

आणि आईबाबांनो, मूल विचारायला आलं, की 'कामात आहे, नंतर' म्हणू नका. पाच मिनिटं द्या. तुमच्या हातातली विद्या त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

तुमच्या,
बाई